वाटसरू आणि वाटेकरी

'रस्ता' आणि 'वाट' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कोशातही ते समानार्थी म्हणून शेजारी-शेजारी सापडतात. गेली अकरा वर्षे जळगावात घरापासून महाविद्यालयापर्यंत रोज सायकलने जाता-येता आमची मात्र अशी खात्री होत गेली आहे की या दोन शब्दांत पुष्कळ अंतर आहे. 'रस्ता' आपल्याकडे फारसीतून आला. 'वाट' आली ती संस्कृत 'वर्त्मन्'पासून, प्राकृतातल्या 'वट्ट'वरून. व्युत्पत्तीचा हा भेद वर्गात सांगायला बरा. खरा भेद जाणवतो तो वाक्प्रचारांत. वाट पाहावी लागते, वाट देता येते, वाट चुकते, वाट मोडते, कुणाच्या वाटेला जाता येते (न गेलेले बरे), आणि शेवटी वाट लागतेही. रस्त्याच्या वाट्याला यातले थोडेच आले. रस्ता मंजूर होतो, खोदला जातो, रुंद केला जातो, त्याचे उद्घाटन होते. वाटेचे उद्घाटन झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आम्ही म्हणजे प्रस्तुत लेखक आणि त्याची बावीस इंची काळी सायकल. आमचा रोजचा मार्ग सुमारे सहा किलोमीटरांचा. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग वस्तीच्या मागची पायवाट: एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला अजून बिनशेती न झालेली शेते, मध्ये बाभळी आणि दोन जुने कडुनिंब. दुसरा भाग महामार्गाची साईडपट्टी. तिसरा भाग शहरातल्या गल्ल्या, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. पायवाट जेमतेम दीड किलोमीटरची आहे. पण दिवसाची म्हणून जी काही प्रसन्नता पदरी पडते ती तिथेच पडते. पावसाळ्यात खानदेशची काळी माती चाकाला धरते, मडगार्डात घट्ट बसते आणि मग काडीने ती उकरत बाभळीखाली उभे राहावे लागते. उन्हाळ्यात वाळलेले बाभळीचे काटे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी परतताना त्या दोन कडुनिंबांची सावली मोजून घ्यावी लागते. हा सगळा त्रास खराच. तरी कुणी विचारले तर आम्ही वाटच पसंत करू.

याचे कारण तिथली रीत. वाट सगळ्यांची असल्याने तिच्यावर कोण आधी जाणार याचा निर्णय दर वेळी नव्याने करावा लागतो, आणि तो करण्याची पद्धत ठरलेली आहे. डोक्यावर ओझे असेल त्याला आधी वाट. म्हातारे माणूस असेल तर सायकलवाल्याने उतरायचे. शेळ्या असतील तर सगळ्यांनीच थांबायचे, कारण शेळ्यांना रीत समजत नाही. घंटी मागून एकदाच वाजवायची. दुसऱ्यांदा वाजवली तर ती आज्ञा ठरते आणि पुढचा माणूस मुद्दाम सावकाश होतो. घंटीऐवजी 'भाऊ' किंवा 'मावशी' अशी हाक दिली तर काम अधिक लवकर होते. समोरून येणारा 'कुठी चालले भो?' असे विचारतो, आणि तो रोज आपल्याला त्याच वेळी त्याच दिशेने जाताना पाहत असल्याने या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. ते वाट दिल्या-घेतल्याची पोच असते. लेखी नियम एकही नाही. पण आमच्या पाहण्यात अकरा वर्षांत या वाटेवर भांडण झालेले नाही. रस्त्याचा नियम याच्या नेमका उलट चालतो: जो अधिक वेगाने येतो त्याला इतरांनी जागा करून द्यायची.

ही रीत आम्ही पहिल्यांदा पाहिली ती धुळ्याकडे. जळगावला येण्यापूर्वीची चार वर्षे आम्ही धुळ्यात राहून जवळच्या एका खेड्यात शिकवत होतो. शेवटचे दोन किलोमीटर पाटाच्या कडेने जायचे. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. फडात शेते ज्याची त्याची, पाणी मात्र सगळ्यांचे. पाळी आली म्हणून शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नसतो. पाणी द्यायचे काम नेमलेल्या पाटकऱ्याचे. एका फडात एका हंगामाला साधारणपणे एकच पीक घेतात, म्हणजे प्रत्येकाची पाण्याची गरज सारखी राहते. गाळ काढायचा, बंधारा सांभाळायचा तो मिळून. आम्ही त्या पाटाच्या कडेने सायकल हाताशी धरून पाटकऱ्याबरोबर चालत असू. तो अहिराणीत 'कथा चालनात, सर?' असे विचारी, आणि पुढे होऊन ओलसर, निसरडी जागा दाखवी. वाट त्याच्या कामाची होती, आमच्या जाण्याची होती, आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची होती. पाण्याची जी रीत तीच तिच्या काठावरच्या वाटेची, हे तेव्हा आमच्या लक्षात आले.

इथे आणखी एका शब्दाकडे वळावेसे वाटते. 'वाट' आणि 'वाटा' कानाला सख्खे वाटतात. पण त्यांची कुळे वेगळी. हिस्सा या अर्थाचा 'वाटा' जुन्या लेखनात 'वांटा' असा अनुस्वार देऊन लिहीत, आणि तो अनुस्वार 'वण्ट' या मुळाची खूण सांभाळून होता. अनुस्वार गेला आणि दोन शब्द एकमेकांना येऊन भिडले. वाटेने जाणारा तो वाटसरू, हिस्सा असणारा तो वाटेकरी. व्युत्पत्तीने त्यांचा संबंध नाही हे खरे. पण सामायिक वाटेवर प्रत्येक वाटसरू हा वाटेकरीच असतो.

आमच्या पायवाटेवर तीन वर्षांपूर्वी नवे वाटेकरी आले. आसपास इमारती उभ्या राहिल्या आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची संख्या वाढली. जळगावकरांना मेहरुण तलावाच्या काठी पहाटे जमणारी मंडळी परिचयाची आहेत. तसाच एक लहानसा मेळा आमच्या नाल्याकाठी जमू लागला. त्यामुळे वाटेवर दोन जाती झाल्या: फिरणारे आणि जाणारे. फिरणाऱ्याला कुठे पोहोचायचे नसते, जाणाऱ्याला वेळेवर पोहोचायचे असते. फिरणारे तिघे-चौघे एका रांगेत चालतात, कारण बोलणे हा फिरण्याचा अर्धा हेतू असतो. जाणारे एकामागोमाग एक जातात. तरीही रीत टिकली. निवृत्त गृहस्थ महिनाभरात भाजीवालीला वाट देऊ लागले आणि तीही त्यांच्यासाठी मेथीची जुडी राखून ठेवू लागली.

बिघडले ते मोटारसायकलींमुळे. महामार्गावरचा चौक चुकवण्यासाठी तरुण मंडळी वाटेत गाड्या घालू लागली. एका वृद्ध बाईंना धक्का लागला, तक्रारी झाल्या, आणि एका सकाळी वाटेच्या दोन्ही तोंडांशी तीन-तीन लोखंडी खांब रोवलेले आढळले. पहिल्या दिवशी आम्हांलाही बरे वाटले. आमची सायकल दोन खांबांमधून सहज निघाली. मागे मात्र दूधवाले आप्पा थांबले होते. आता बहुतेक दूधवाले मोटारसायकलवर आले. आप्पा अजून सायकलवर, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन लावून. सायकल खांबांतून जाई, कॅन जात नसत. त्यांनी कॅन उतरवले, एकेक करून पलीकडे नेऊन ठेवले, सायकल नेली, कॅन पुन्हा चढवले. वाटेच्या दुसऱ्या तोंडाशी पुन्हा तेच. आम्ही सायकल धरून उभे राहिलो, तर म्हणाले, "सर, तुम्ही निघा. तुमचा तास आसीन." असे पंधरा-वीस दिवस चालले. शिवणकाम करणारे एक गृहस्थ तीनचाकीवरून याच वाटेने दुकानात जात. त्यांना उतरवून ठेवण्याजोगे काही नव्हते, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागे फिरले. मोटारसायकली आठवडाभर थांबल्या, मग शेताचा बांध फोडून त्यांनी बाजूने वाट काढली. आप्पा आता महामार्गाच्या साईडपट्टीने जातात.

साईडपट्टी म्हणजे काय हे तिच्यावरून गेल्याशिवाय कळत नाही. डांबर जिथे संपते तिथे चार-सहा बोटांची पायरी असते. पट्टीवरून डांबरावर चढताना चाक त्या कडेला घासते आणि तोल जातो. मागून केळीचे ट्रक, खडीचे डंपर, एसटी. प्रत्येक मोठी गाडी गेली की वाऱ्याचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. हा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, जळगाव शहराच्या मधून गेला आणि माणसे त्याच्या दोन्ही अंगांना राहू लागली. त्याच्या बाजूने समांतर रस्ते व्हावेत ही मागणी या शहराने वर्षानुवर्षे लावून धरली, तिच्यासाठी आंदोलने केली, ती याच अनुभवातून. भरल्या कॅनांची सायकल घेऊन तिथून जाणारा माणूस तोल सांभाळताना हात दाखवू शकत नाही, मागे वळून पाहू शकत नाही. तिथे हाक देऊन उपयोग नसतो. ती ऐकू जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या संदर्भात जळगावजवळचेच एक स्थळ आठवावे. धरणगावी १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. ही हकिकत सांगताना कवीच्या तंद्रीचा उल्लेख वारंवार होतो. निसर्गात रमणारा कवी भान हरपून चालत असणार, ही कल्पना आपल्याला पटते, कारण ती त्यांच्या कवितेशी जुळते. वर्गात 'औदुंबर' शिकवून त्याच दिवशी साईडपट्टीने घरी येताना आम्हांला मात्र दुसरा विचार सुचतो. आजही लोहमार्गाच्या काठच्या गावांतली माणसे रूळ ओलांडून कामाला जातात. त्यांपैकी कुणाच्या मृत्यूची बातमी आली तर आपण तंद्री शोधत नाही. वाट कुठून जात होती हे विचारतो, निदान विचारायला हवे. कवीच्या बाबतीत आपण स्वभाव वाचतो आणि वाट वाचायची राहून जाते. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते ते कुणीच सांगू शकणार नाही. पण चरित्रात मनाला इतकी जागा आणि पायांखालच्या जमिनीला इतकी कमी, ही आपल्या समीक्षेची एक सवय आहे. भादलीहून जवळच असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत ही सवय आपल्याला सोडावी लागते, कारण शेत, घर आणि त्यांमधली ये-जा वगळली तर त्या गाण्यांतले फारसे काही हाती उरत नाही.

आप्पांसाठी म्हणून, आणि खरे तर आमच्या सर्वांसाठी, आम्ही काही वाटसरूंनी एक अर्ज केला. मागणी साधी: दोन्ही तोंडांचा मधला खांब काढून त्या जागी वळणाचा अडसर घालावा, ज्यातून कॅनची सायकल आणि तीनचाकी जाईल, भरधाव मोटारसायकल जाणार नाही. अर्ज घेणाऱ्या लिपिकाने सौजन्याने विचारले, "रस्त्याचे नाव?" आम्ही म्हणालो, नाव नाही, आम्ही तिला वाटच म्हणतो. त्यांनी नकाशा काढून दाखवला. त्यात इमारती होत्या, नाला होता, मंजूर रस्ते होते, वाट नव्हती. शेतात बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ ने मानला आहे. अडवलेली शेतवाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांस आहे. म्हणजे शेताला वाट असते, शहराला रस्ता असतो; जिथे शेत संपून शहर अजून पुरते सुरू झालेले नाही तिथली वाट कुणाच्याच दप्तरात नाही. खांब मात्र आहेत. जी वाट नाहीच तिच्यावर ते रोवता आले. काढायचे म्हटले की ती आधी असावी लागते.

दुसरा अर्ज आता तयार आहे. या वेळी 'वहिवाटीचा मार्ग' असा शब्द घातला आहे. 'वहिवाट' या शब्दात वाट लपलेली आहे हे लिपिकाच्या नजरेस येईल न येईल, पण कायद्याला तो शब्द ओळखीचा आहे. खाली एकेचाळीस सह्या आहेत. पहिली सही एका निवृत्त फिरणाऱ्यांची आहे, ज्यांना त्या खांबांचा काहीच त्रास नव्हता. भाजीवालीचा अंगठा आहे. आप्पांची सही घ्यायला त्यांना महामार्गावर गाठावे लागले. साईडपट्टीवर सायकल थांबवता येत नाही म्हणून ते पेट्रोल पंपाच्या आवारात वळले आणि कॅनच्या झाकणावर कागद ठेवून त्यांनी सही केली. मधल्या काळात वाटेच्या एका भागात गाजरगवत माजू लागले आहे. जाणारे कमी झाले की वाट मोडते. म्हणून आम्ही तूर्त रोज त्याच वाटेने जातो आणि जाताना घंटी एकदाच वाजवतो.