फुर्का घाटातील एक दिवस

स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावी उतरलेल्या एका कापड व्यापारी कुटुंबाने जुलैमधील तो दिवस रोपवेने गेम्सश्टॉक शिखरावर जाण्यासाठी राखला होता. शिखर ढगांत बुडाल्याने बेत बदलला आणि भाड्याची मोटार फुर्का घाटाकडे वळली.

रेआल्प गावानंतर रस्ता अरुंद झाला. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. आजींनी परत फिरण्याचा आग्रह धरला. तोच वळणाआडून तीन सुरांचा भोंगा ऐकू आला. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ संगीतिकेतील हे सूर पिवळ्या पोस्टबसची वर्दी देतात. एरवी अशा चढावर उतरणारे वाहन मागे सरते. परंतु निळ्या फलकावर पिवळे शिंग असलेल्या मार्गावर पोस्टबसला अग्रहक्क असतो आणि तिच्या चालकाची सूचना पाळावी लागते. चालकाने खूण केली. थोरल्या मुलाने मोटार हळूहळू मागे घेतली. आजींच्या ओठांवर नवकार होता. बस पुढे गेली. चालकाने हात उंचावून आभार मानले.

‘‘ही तर ईर्यासमितीच! चला पुढे,’’ आजी म्हणाल्या.

२,४२९ मीटर उंचीचा घाटमाथा ओलांडल्यावर ऱ्होन हिमनदी आली. तिचे पाणी भूमध्य समुद्रास मिळते. समोरच्या ग्रिम्सेल घाटापलीकडचे पाणी आरे व ऱ्हाइन नद्यांतून उत्तर समुद्राकडे जाते. बर्फ वितळू नये म्हणून हिमनदीचा काही भाग पांढऱ्या कापडाने झाकलेला होता. उभा जन्म कापड मोजण्यात गेलेले आजोबा तेथे बराच वेळ निःशब्द उभे राहिले.