वृत्तविद्या आणि घरचे आप्त

मुलगी पदवीधर झाली म्हणजे तिनें पुढें काय शिकावें, हा प्रश्न आपल्या घरांतून बहुधा जेवणाच्या पंगतीस निघतो, आणि ताटें उचलण्यापूर्वीं त्याचा निकालहि लागलेला असतो. बँकेची परीक्षा, शिक्षणशास्त्राची पदवी, संगणकाची एखादी शाखा, एवढ्यांत बहुतेकांचें समाधान होतें. परंतु एखादीनें 'मी वृत्तपत्रविद्या शिकणार' असें म्हटलें, कीं वडील मंडळींच्या कपाळीं आठी पडते. आक्षेप ठरलेलेच असतात. ही विद्या शिकवून येत नाहीं, रात्रीं-अपरात्रीं घराबाहेर राहावें लागतें, आणि मिळकत बेताची. शेवटचे दोन आक्षेप खरे आहेत, व त्यांस उत्तर देण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. पहिल्याविषयीं मात्र आम्हांस थोडें बोलावयाचें आहे. कारण आमच्या वडील बंधूंची नात २०२२ सालीं पुण्यांतील एका संस्थेंत वृत्तविद्या व जनसंज्ञापन या विषयाच्या पदव्युत्तर वर्गांत दाखल झाली, आणि तिच्या त्या दोन वर्षांत आम्हांस, म्हणजे जुन्या अकरावीपलीकडे न गेलेल्या व जन्मभर मुलांकडून शब्द चालवून घेतलेल्या मास्तरांस, पुष्कळ विचार करावा लागला.

आमच्या दादांचा मुद्दा असा, कीं बाळशास्त्री जांभेकर हें सारें कोणत्या विद्यापीठांत शिकले? मुद्दा ऐकण्यास भारदस्त आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' निघालें, तेव्हां बाळशास्त्र्यांचें वय विशीच्या आसपास होतें. एका स्तंभांत इंग्रजी व शेजारीं मराठी अशी पत्राची मांडणी. आणि मुंबई विद्यापीठ तर मुळीं १८५७ चें. परंतु बाळशास्त्री व्यवसायानें शिक्षक होते, हें दादा विसरतात. चिपळूणकर-टिळकांनीं १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें आणि पुढच्याच वर्षीं आगरकरांसह 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू झालीं. म्हणजे आपलीं नामांकित वृत्तपत्रें मास्तर मंडळींनीं काढलेलीं आहेत. (हें सांगतांना आम्हांस किंचित् अभिमान वाटतो, तो वाचकांनीं सोसावा.) त्यांस शिक्षण नव्हतें असें नव्हे, तें दुसऱ्या वाटेनें झालें होतें.

आणि त्या वाटेवर एक खांच राहून गेली होती. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ चालला आहे असें दाखविणारीं कांहीं पत्रें या मंडळींच्या हातीं आलीं. त्यांच्या आधारें दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका झाली. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि कोर्टांत तीं पत्रें बनावट ठरलीं. एल्‌एल्. बी. झालेले टिळक व एम्. ए. झालेले आगरकर यांस १८८२ सालीं शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. हेतु शुद्ध, धैर्य अपार, लेखणी तर काय सांगावी! परंतु समोर आलेला कागद कोणीं लिहिला, कोणाच्या हातून आला व तो छापल्यानें कोणाचा लाभ, हें विचारून घेण्याची शिस्त कोणी शिकवील अशी त्या काळीं सोयच नव्हती. पुढें अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं वृत्तविद्येची शाळा उघडली. वृत्तपत्राचें कसलेंहि शिक्षण न घेतां बडा संपादक झालेल्या जोसेफ पुलित्झरनें आपल्या संपत्तींतील वीस लक्ष डॉलर याच कामीं दिले आणि त्याच्या मृत्यूनंतर १९१२ सालीं कोलंबिया विद्यापीठांत तशी शाळा सुरू झाली. ज्याला स्वतःला शिकावें लागलें नाहीं, त्यानेंच शिकविण्याच्या सोयीसाठीं एवढा पैसा कां ठेवावा, याचा आमच्या दादांसारख्यांनीं विचार करावा. आपल्याकडे लाहोरास पंजाब विद्यापीठानें १९४१ त, नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयानें १९५२ त, व पुणें विद्यापीठानें १९६४ त हे वर्ग काढले.

आतां तेथें काय शिकवितात? खरें सांगावयाचें तर पुष्कळसें जड परिभाषेंत शिकवितात. 'संप्रेषणाचीं प्रारूपें' या नांवाचें एक प्रकरण नातीच्या वहींत आम्हीं वाचलें. कोणी, काय, कोणत्या मार्गानें, कोणास सांगितलें व परिणाम काय झाला, एवढ्या साध्या गोष्टीस तेथें चौकटी व बाण यांचें अरण्य उगवलें होतें. मराठी गद्याचें वाचन मात्र बेताचें. ही उणीव आम्हांस फार जाणवली.

परंतु वृत्तलेखनाचा पहिला पाठ वाचून आम्ही सुखावलों. बातमींत सहा प्रश्नांचीं उत्तरें हवींत: कोण, काय, केव्हां, कोठें, कां, कसें. आमच्या व्याकरणांतहि कारकें सहाच. दोन्ही याद्या तंतोतंत जुळत नाहींत. 'केव्हां' व 'कोठें' हीं दोन्ही एका अधिकरणांत मावतात, आणि 'कां' यास कारकांत स्थानच नाहीं. तरी क्रियापद आधीं धरावें आणि त्याच्याभोंवतीं कोण कोण उभें आहे तें विचारावें, ही रीत एकच. मे महिन्याच्या सुटींत नात घरीं आली, तेव्हां झोपाळ्यावर बसून आम्हीं दोघांनीं रोजचीं दैनिकें तांबड्या पेन्सिलीनें तपासलीं. 'लाठीमार करण्यांत आला', 'निधि अन्यत्र वळविण्यांत आला', 'झाडें तोडण्यांत आलीं'. कर्मणिप्रयोगांत कर्ता तृतीयेंत जातो हें आम्हीं हजारों मुलांस शिकविलें. वृत्तपत्री मराठींत तो तृतीयेंतूनहि पळून गेलेला आढळला! नातीला आम्हीं म्हटलें, "तूं एवढा पळालेला कर्ता शोधून आणीत जा; पगाराचें सार्थक होईल."

दुसरा विषय कायद्याचा. तो तिनें मन लावून केला, आणि त्यांत एक गंमत झाली. ती उत्तीर्ण होतांहोतांच, १ जुलै २०२४ पासून, अब्रुनुकसानीचें ४९९ वें कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचें ३५६ वें कलम आलें. १८६७ चा छापखान्यांचा व पुस्तकांचा कायदाहि त्याच वर्षीं मार्चमध्यें इतिहासजमा झाला होता. पाठ केलेले आंकडे फुकट गेले, तत्त्व मात्र राहिलें.

परंतु खरी परीक्षा विद्यापीठाच्या वेळापत्रकांत नव्हती. नैयायिकांनीं चार प्रमाणें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जेथें वार्ताहर स्वतः हजर नसतो, तेथें त्याच्या हातीं बहुतांशीं शब्दच उरतो; आणि शब्द प्रमाण केव्हां, तर तो आप्ताचा असेल तेव्हां. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत आप्ताचें लक्षण दिलें आहे. वस्तु जशी असेल तशी सांगणारा, एवढाच त्याचा आशय. नात्यागोत्याचा तेथें संबंध नाहीं. मराठींत मात्र आप्त म्हणजे सोयरा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटांत सकाळपासून जें येतें तें सर्व या दुसऱ्या अर्थानें आप्तवाक्य असतें. आत्यानें धाडलें, व्याह्यांनीं धाडलें, म्हणून खरें.

२०२३ च्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या एका सहकारी पतसंस्थेनें ठेवी परत देणें थांबविलें. संस्थेचे अध्यक्ष आमच्या वहिनींचे मामेभाऊ. अध्यक्ष तारणाचें सोनें घेऊन पळाले, अशी गांवांत बोलवा. घरच्या गटांत तर ते नेपाळांत दिसल्याचेंहि आलें. नातीला त्याच सुमारास वर्गाच्या सरावाच्या अंकासाठीं एक बातमी तयार करावयाची होती. ती प्रथम अध्यक्षांच्या घरीं गेली. ते ओटीवर बसून शेंगा सोलीत होते! सोनें संस्थेच्या तिजोरींत मोहोरबंद होतें, तेंहि तिनें सरकारी पंचनाम्याच्या कागदावरून ताडून घेतलें. मग माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज करून, तीस दिवस वाट पाहून, तिनें लेखापरीक्षणाचा अहवाल मिळविला. त्यांत निराळीच हकीकत निघाली. संचालकांच्या नातलगांस पुरेशा तारणावांचून कर्जें दिलेलीं होतीं, आणि त्या यादींत अध्यक्षांच्या चिरंजीवांचें नांव होतें. म्हणजे एका अफवेंतून तिनें मामाआजोबांस सोडविलें, आणि हातच्या कागदानें दुसऱ्या आरोपांत गुंतविलें.

दादा म्हणाले, "सोन्याची गोष्ट खोटी आहे एवढेंच छाप. बाकीचें राहूं दे. घरचें माणूस आहे."

तिच्या अध्यापकांचा निर्णय दोघांसहि न रुचणारा होता. नातें कळतांच ते म्हणाले, ही बातमी तुला लिहितां येणार नाहीं. सारे कागद वर्गांतील दुसऱ्या विद्यार्थ्याकडे दे. तो तुझ्या मामाआजोबांस पुन्हां भेटेल, त्यांचें म्हणणें घेईल, आणि कागद मिळविणारी विद्यार्थिनी अध्यक्षांच्या नात्यांतली आहे हें बातमीखालीं छापलें जाईल. महिनाभर केलेलें काम असें दुसऱ्याच्या नांवावर गेलें. रात्रीं तिनें आम्हांस फोन केला तेव्हां ती रडत होती. आम्हीं तिला समजाविलें नाहीं. अध्यापकांचें म्हणणें आम्हांस योग्य वाटलें होतें, आणि रडूं येणें हेंहि योग्यच होतें. दादांस मात्र आम्हीं एवढें म्हटलें, "तुमच्या सांगण्याप्रमाणें तिनें अर्धें छापलें असतें, तर उरलेलें अर्धें कोणीं गिळलें हें गांवानें आपल्या दारावर लिहिलें असतें." दादा उठून गेले. त्या वर्षीं भाऊबीजेस वहिनींचे मामेभाऊ आले नाहींत. पाट मांडलेला होता, तो संध्याकाळीं वहिनींनीं मुकाट्यानें उचलला.

हें शिक्षण घरीं मिळालें असतें काय? एकत्र कुटुंबानें आम्हांस पुष्कळ दिलें. आजारपणांत माणूस दिलें, अडचणींत पैसा दिला. पण घरच्या माणसाविषयीं यथार्थ बोलण्याची सोय त्यानें ठेवली नाहीं. ती विद्या परक्या माणसाकडून, परक्या छपराखालींच शिकावी लागते, आणि त्यासाठीं दोन वर्षें कांहीं फार नाहींत. मुलीस अशा संस्थेंत धाडूं इच्छिणाऱ्या पालकांनीं तेथील कॅमेरे व चित्रगृह पाहून भुलूं नये. विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंक नियमानें निघतो काय, त्यांस कोर्टांत व पंचायतींत बसवितात काय, आणि चुकीची बातमी लिहिली तर कोणी परत करतो काय, एवढें विचारावें.

नात सध्यां एका दैनिकांत रात्रपाळीस उपसंपादक आहे. पतसंस्थेवर प्रशासक बसला आहे. परवां वहिनींनीं आम्हांकडून तिला फोन लावून घेतला आणि दार लोटून विचारलें, "बाई, त्या संस्थेंत माझे साठ हजार आहेत. तुझ्या आजोबांस ठाऊक नाहींत. ते कधीं मिळतील?"

नातीनें सुनावणीची तारीख सांगितली, कार्यालयाचें नांव सांगितलें, आणि म्हणाली, "आजी, हें मला तिथल्या कारकुनानें फोनवर सांगितलंय. आदेश मी स्वतः पाहिलेला नाहीं. पाहिला कीं कळवतें."