धडधड, घाम, डोकेदुखी: प्रत्येक वेळी टेन्शनच असते का?

काही वर्षांपूर्वी चेंबूरच्या माझ्या दवाखान्यात चाळिशीच्या एक बाई आल्या. "डॉक्टर, अचानक छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, अंग घामाने भिजतं. वीस मिनिटांनी सगळं जागेवर!" बीपी १३०/८४, ईसीजी नॉर्मल. मुलीची दहावी, सासूबाईंचे आजारपण हे ऐकून मी ठरवून टाकले: टेन्शन. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिले.

तीन आठवड्यांनी त्यांचे यजमान एक वही घेऊन आले. झटका आला की ते घरच्या मशीनवर बीपी मोजत होते. २१०/१२०, तासाभराने १२८/८०. गोळी सुरू झाल्यानंतरचे आकडे तर आणखी वर गेलेले. ती वही पाहून मलाच घाम फुटला.

गोळी तिथेच बंद केली. चोवीस तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन्स कित्येक पट वाढलेली निघाली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ दिसली. हा फिओक्रोमोसायटोमा. ही गाठ अ‍ॅड्रिनॅलिनसारखी हार्मोन्स मधूनमधून रक्तात सोडते. त्यात आधी अल्फा-ब्लॉकर देऊन रक्तवाहिन्या सैल कराव्या लागतात. नुसता बीटा-ब्लॉकर दिला तर बीपी भडकू शकते. प्रोप्रॅनोलॉल हा बीटा-ब्लॉकरच. माझी चूक मी त्या दोघांना स्पष्ट सांगितली. दोन आठवडे प्राझोसिन देऊन मग दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. आज बाईंना बीपीची एकही गोळी नाही.

१६ मार्च २०१८ रोजी अभिनेता इरफान खानने आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्युमर असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या या गाठी. काही गप्प बसतात, तर काही हार्मोन ओतत राहतात आणि त्यानुसार लक्षणे दिसतात. चेहरा अचानक लालबुंद होतो पण घाम येत नाही, सोबत जुलाब: कार्सिनॉइड सिंड्रोम. पहाटे उपाशीपोटी माणूस असंबद्ध बोलतो, साखर दिली की ताळ्यावर येतो: इन्सुलिनोमा.

पसरलेल्या काही न्यूरोएंडोक्राइन गाठींवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध वापरतात. ते ल्युटेशियम आपल्या शेजारी, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत तयार होते, हे चेंबूरकरांनाही फारसे माहीत नसते.

घाबरू नका. या गाठी दुर्मीळ आहेत. बीपीच्या हजार रुग्णांत फिओक्रोमोसायटोमा दोन ते सहा जणांतच सापडतो. धडधडीमागे बहुतेक वेळा साधेच कारण असते. पण झटके एकाच साच्यातले, पुन्हा पुन्हा येत असतील, तर प्रत्येक वेळची तारीख, वेळ, बीपी आणि जमल्यास साखर लिहून ठेवा. डॉक्टर "टेन्शन आहे" म्हणाले तरी ती वही त्यांच्यापुढे ठेवा. मी रुग्णाला दवाखान्यात पाच मिनिटे पाहतो, झटका मात्र घरी येतो. तो पाहणारे तुम्हीच असता.