समुद्राचा सुळा

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब गुहागरला गेलो होतो. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन देवळामागच्या वाटेला लागले, की सुरूची झाडे आणि पुढे लांबच लांब पुळण. ओहोटी लागलेली. सौभाग्यवती सावलीत बसल्या आणि आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने शिंपले वेचायला सुरुवात केली.

थोड्याच वेळात ती धावत आली. तळहातावर बोटाच्या पेराएवढा, पांढराशुभ्र, किंचित वाकडा, एका टोकाला निमुळता होत गेलेला सुळा. हुबेहूब हस्तिदंत, पण उंदराएवढ्या हत्तीचा!

"बाबा, हे काय?"

बापाने "ठाऊक नाही" म्हणायचे नसते, अशी माझी समजूत. "माशाचा दात," मी ठोकून दिले. तिने वहीत लिहिले : 'माशाचा दात. बाबांनी सांगितले.' मग तो ओठांना लावून फुंकला. हवा आरपार गेली.

"दात दोन्हीकडून उघडा असतो का हो, बाबा?"

"मग किड्याची नळी असेल," मी दुसरी चूक केली. वाळूतला एक किडा रेतीचे कण चिकटवून अशी नळी बांधतो खरा. पण तिचे कण डोळ्यांना दिसतात, आणि दाबली की ती चुरते. हा तर चिनी मातीच्या कपासारखा गुळगुळीत आणि टणक!

घरी परतल्यावर शेजारच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलगडा केला. हा गोगलगायी-शिंपल्यांचा भाऊबंद. इंग्रजीत टस्क शेल. याच्या गोतात ५००च्या आसपास जाती आहेत. रुंद तोंड खाली करून तो समुद्रतळाच्या वाळूत तिरपा पुरून घेतो, तिकडूनच पाय आणि बारीक तंतू बाहेर काढून कणाएवढे जीव पकडतो. निमुळते टोक वाळूबाहेर. तिथून पाण्याची ये-जा. डोळे नाहीत, कल्लेही नाहीत! कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटाचे मूळ रहिवासी हे शंख खोल पाण्यातून काढीत. ते माळांत ओवले जात आणि दूरदूरच्या देवघेवीत पैशासारखे चालत.

"१७५८ साली लिनिअसने याला डेंटॅलियम नाव दिले, तेही दातावरूनच," प्राध्यापक म्हणाले. मला तेवढाच दिलासा!

कन्येने वही उघडली. 'माशाचा दात' खोडून तिथे स्वतःच बनवलेले नाव लिहिले : 'सुळेशंख'. 'बाबांनी सांगितले' हे शब्द मात्र तसेच राहिले होते. ते मी माझ्या पेनने खोडले आणि वर लिहिले : 'फुंकून पाहिले.'