कच्छच्या रणाची तयारी : तेरा माणसे, एक गाडी आणि पाण्याचा हिशेब

आमची तीन घरे एकाच लोकलच्या मार्गावर आहेत. बाजी उल्हासनगरला, आम्ही अंबरनाथला आणि भाईजान बदलापूरला. तिन्ही घरांनी मिळून डिसेंबरच्या अखेरीस कच्छच्या रणात जायचे ठरवले आहे. उल्हास नदीच्या काठावर वाढलेल्या आमच्या मुलांना पाण्याची एकच भीती ठाऊक आहे, पुराची. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तो दिवस त्यांना अजून आठवतो. क्षितिजापर्यंत झाड नाही, विहीर नाही, अशी जमीन त्यांनी पाहिलेली नाही. खरे सांगायचे तर आम्हीही नाही.

कल्पना भाईजानांच्या मुलाची. अमेरिकेतील कुटुंबे पलंग, स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली मोठी गाडी घेऊन वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानांतून आठवडाभर फिरतात, हे त्याने मोबाईलवर पाहिले. आपणही तसेच करू, असा त्याचा हट्ट. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण तेरा माणसांची कॅरव्हॅन परवडण्यासारखी नाही. शेवटी सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. मागच्या आसनांवर सामान आणि पाणी, पुढे माणसे. अजमेरला जाणारी आपली कुटुंबे शेगडी-भांड्यांसह वर्षानुवर्षे अशीच निघतात. त्या अमेरिकन चित्रफितींतून आम्ही उपयोगाची एकच गोष्ट उचलली. तिथल्या डेथ व्हॅली उद्यानात प्रत्येक माणसामागे दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी जवळ ठेवायला सांगतात.

मुलांचे पहिले मत जैसलमेरला होते. तिथले राष्ट्रीय मरू उद्यान १९८० साली जाहीर झाले. ते ३,१६२ चौरस किलोमीटर पसरले आहे आणि माळढोक पक्ष्याचा तो मोठा आधार आहे. राजस्थानात या पक्ष्याला गोडावण म्हणतात. आता देशात तो दीडशेच्या आसपासच उरला आहे. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले, तिथेही तो क्वचितच दिसतो. पण अहमदाबादपासून जैसलमेर आणखी पाचशेहून अधिक किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस बसूनच काढायचे. तरुणांनी जावे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मींना घेऊन हा प्रवास करण्यात आम्हाला शहाणपण वाटले नाही. कच्छला वाळूच्या टेकड्या नाहीत, ते मिठाचे वाळवंट आहे. पण त्याला टप्प्याटप्प्याने मुक्काम करत जाता येते.

अम्मींना मधुमेह आहे, गुडघेही साथ देत नाहीत. पण खरी काळजी वेगळीच आहे आणि तिच्याविषयी घराघरांत बोलले जात नाही. आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. वाटेत गाडी थांबवायला सांगण्याचा संकोच, स्वच्छ जागा मिळेल की नाही याची धास्ती. म्हणून सकाळपासून घोटावर घोट टाळत राहतात. मागच्या वर्षी एका लग्नाहून परतल्यावर अम्मींना लघवीचा संसर्ग झाला आणि चार दिवस सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दहा तासांत दोन कप चहा घेतला होता.” कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, पण पाणी निघून जात असते. रणात ही सवय जिवावर बेतू शकते.

म्हणून प्रवासाची आखणी आम्ही प्रेक्षणीय स्थळांवरून केली नाही, थांब्यांवरून केली. दर दोन तासांनी गाडी थांबेल, कोणी सांगो वा न सांगो. त्यामुळे सांगण्याची वेळच कोणावर येणार नाही. उल्हासनगरहून घडीची कमोड खुर्ची आणि कपडे बदलण्यासाठी मिळतो तसा उभा तंबू घेतला आहे. खावड्याहून धोलावीराकडे जाणारा रस्ता रणातून सरळ जातो, तिथे ना ढाबा, ना आडोसा. त्या रस्त्यासाठीच ही खरेदी. भाभींनी आधी नाके मुरडली, आता तंबूला कडी कशी लावायची हे त्याच सगळ्यांना दाखवतात.

पाण्याचा हिशेब असा. चालकासह तेरा माणसे, माणशी चार लिटर, म्हणजे पिण्याचे बावन्न लिटर. वीस-वीस लिटरचे तीन जार. वापरण्यासाठी पन्नास लिटरचा निळा ड्रम वेगळा. हे सगळे मिळून एकशे दहा किलोचे ओझे होते. ते छतावरच्या कॅरिअरवर ठेवू नये, वळणावर गाडी झुकते. खाली, मागच्या चाकांच्या वर बांधावे.

वुजूला किती पाणी लागते हे मुलांनी घरीच मोजले. नळाखाली बादली ठेवून वुजू केला तर साडेचार लिटर जमा झाले. तोच वुजू बधन्याने केला तेव्हा एक लिटरही लागले नाही. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. वर्गात हे आम्ही अनेकदा सांगितले होते; बादलीने मुलांना ते एका दुपारी पटवले. तयम्मुमविषयी मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना विचारून घेतले. पाणी पिण्यापुरतेच उरले असेल तर तयम्मुम करावा. पण मैलाच्या आत पाणी मिळण्यासारखे असेल तर कंटाळा म्हणून करू नये. धाकट्याने विचारले, रणातल्या पांढऱ्या मिठावर हात मारला तर चालेल का? इमामसाहेब हसले. म्हणाले, ते मीठ पाण्यापासून झालेले, त्यावर नको, माती शोधा. चार रकातींच्या फर्ज नमाजी प्रवासात दोन रकाती होतात, तो कसर हनफी मताने सुमारे ७८ किलोमीटरच्या सफरीपासून लागू होतो. इतर मसलकांत अंतर आणि नमाजी एकत्र करण्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपापल्या इमामांना विचारावे. किब्ल्याचीही एक गंमत आहे. आपल्याकडे तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो, कच्छात जवळजवळ थेट पश्चिमेला. मात्र मावळत्या सूर्यावरून दिशा धरू नका, डिसेंबरात तो बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो.

निघायचे पहाटे तीनला, भिवंडीच्या ट्रकांची रांग लागण्याआधी. फजर मनोरच्या पुढे महामार्गावर. भरूचच्या आसपास दुपारचे जेवण. तिथे हलाल जेवणाची अडचण पडत नाही. अहमदाबादच्या पुढे मात्र खिचडी, डाळ आणि घरून नेलेले खिमा-लोणचे यांवर भिस्त. शेगडी गाडीच्या आत पेटवायची नाही, हा नियम चालकासमोरच सगळ्यांना सांगितला आहे.

दुसऱ्या दिवशी दसाडा, छोट्या रणाचे दार. १९७३ साली इथे रानगाढवांसाठी अभयारण्य झाले. गुजरातीत त्यांना घुडखर म्हणतात. २०२४ च्या गणनेत ते ७,६७२ भरले. आत आपली गाडी नेऊ नये. वरून कोरडी दिसणारी माती खाली चिखल असते. वाट जाणणारा जीपवाला घ्यावा. पावसाळ्यात हे सगळे रण पाण्याखाली जाते आणि तेव्हा अभयारण्य बंद असते. पाणी ओसरले की अगरिया कुटुंबे इथे येतात. जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात मीठ पिकवतात आणि जवळपास आठ महिने झोपडीत राहतात. त्यांचे पिण्याचे पाणी टँकरने येते. त्यांच्या वस्तीवर गेलो तर पाणी मागायचे नाही, हे मुलांना आधीच बजावले आहे.

भुजकडे जाताना वाटेजवळ गांधीधाम लागते. उल्हासनगरकरांनी तिथे जरा थांबावे, असे आमचे मत. फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांसाठी कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, तसेच भाई प्रताप यांच्या पुढाकाराने कच्छात गांधीधाम वसले. ड्रम घ्यायला कॅम्प नंबर तीनमध्ये गेलो तेव्हा दुकानदार काकांनी विचारले, कुठे निघालात? रणाचे नाव ऐकताच ते म्हणाले, “आमची आजी थरची. भांडी वाळूने घासायची, इथे आल्यावर नळाखाली तिचा हात थरथरायचा.” ड्रमच्या किमतीत त्यांनी पन्नास रुपये कमी केले.

मुक्कामाबद्दल एक सूचना. फोनवर जागा विचारताना पहिल्याच वाक्यात पूर्ण नावे सांगावीत. एके ठिकाणी खोल्या आहेत म्हणाले, नावे पाठवल्यावर खोल्या संपल्या. रात्री नऊ वाजता अम्मींना घेऊन दारात उभे राहून हे ऐकण्यापेक्षा घरी ऐकलेले बरे. त्याच दिवशी दुसरीकडे एका गुजराती काकांनी खालच्या मजल्यावरची खोली आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आपणहून देऊ केले.

भुजजवळ अजरखपूर आहे. खत्री कारागिरांचे अजरखचे छापकाम पूर्वी धमडक्यात चाले. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले, म्हणून अनेक कुटुंबांनी हे नवे गाव वसवले. बाजींना तिथे दुपट्टे घ्यायचे आहेत. भाईजानांना पाकिटाची काळजी आहे. मग भिरंडियाराचा मावा खाऊन, परवाना घेऊन धोरडोचे पांढरे रण. पौर्णिमेला तिथे झुंबड उडते आणि दर चढतात. आम्ही मुद्दाम पौर्णिमा टाळली. रात्री थंडी चांगलीच असते, बदलापूरच्या थंडीचे कौतुक करणाऱ्या भाईजानांनाही दोन स्वेटर सांगितले आहेत.

आमच्या मनात मात्र धोलावीरा आहे. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे हडप्पाकालीन शहर खडीर बेटावर, मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसले. ओढ्यांना बांध घालून त्यांनी पाणी शहराभोवतीच्या हौदांत वळवले. काही हौद तर खडक कोरून केले आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी पावसाच्या मोजक्या दिवसांचे पाणी वर्षभर कसे पुरवले, हे मुलांनी हौदाच्या पायरीवर उभे राहून पाहावे.

गाडीवाला किलोमीटरला सव्वीस रुपये आणि दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतो. सात दिवसांचे २,१०० किलोमीटर म्हणजे ५४,६०० रुपये. नकाशावर आमचा प्रवास दोन हजारांच्या आसपास भरतो, म्हणजे वाया फारसे जात नाही. टोल, परवाना आणि चालकाचा भत्ता वेगळा. चालकाला स्वतंत्र खोली द्यायची आणि रात्री दहानंतर गाडी चालवायला सांगायचे नाही, यावर तिन्ही घरांचे एकमत आहे. दादरहून भुजला रेल्वेने जाऊन तिथे गाडी घेतली तर स्वस्त पडते. ज्यांच्या घरात म्हातारे माणूस नाही त्यांनी तेच करावे. रमजान सध्या फेब्रुवारीत येतो, मार्चनंतर ऊन चढते आणि दिवाळीत पांढरे रण पुरते वाळलेले नसते. म्हणून नाताळला जोडून किरकोळ रजा घेतली आहे.

अम्मींची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली तर धोलावीराला भाईजान मुलांना घेऊन जातील आणि अम्मींसोबत आम्ही भुजमध्ये थांबू. हमीरसर तलावाच्या काठी त्यांना बसायला जागा आहे.