चित्रकाराची सही

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांत कोरलेली आढळतात. परंतु तेथील भिंती रंगविणारे चित्रकार कोण होते, हे आज कोणासही ठाऊक नाही. पुढे काळ पालटला. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराने सही करावी, अशी प्रथा रूढ झाली. सही म्हणजे केवळ नाव नव्हे. ‘हे माझे आहे, याचा भार मी वाहतो,’ असे ते वचनच असते. या वचनाचे मोल पुरते जाणणारा एक चित्रकार गोमंतकात होऊन गेला. त्यांचे नाव वामन अनंत सिनाय नावेलकर. ‘वामोना’ या नावाने ते ओळखले जात.

बार्देश तालुक्यातील पोंबुर्फा हे त्यांचे गाव. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. तरुण नावेलकरांना चित्रकलेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि 1954 साली ते पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे गेले. तेथील ललितकला विद्यालयात त्यांचा अभ्यास सुरू झाला.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची परसत्ता संपली. गोव्यात आनंद झाला, तर पोर्तुगालच्या राज्यकर्त्यांस संताप आला. भारताच्या कृतीचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही करावी, असे नावेलकरांस सांगण्यात आले. एका बाजूस शिक्षण आणि पोटाची सोय. दुसऱ्या बाजूस जन्मभूमी. नावेलकरांनी सही केली नाही. शिष्यवृत्ती बंद झाली.

पुढे ते आफ्रिकेतील मोझांबिक देशात शिक्षक झाले. मुलांना ते चित्रकला शिकवीत आणि गणितही शिकवीत. तोही देश तेव्हा पोर्तुगालच्याच अमलाखाली होता. 1975 साली तो स्वतंत्र झाला. त्या धामधुमीत नावेलकरांना काही महिने बंदिवास सोसावा लागला. सुटका झाल्यावर ते पोर्तुगालला परतले. पण त्या प्रवासात त्यांची पेटी हरवली. तीत शेकडो चित्रे होती. कित्येक वर्षांचे श्रम एका क्षणात नाहीसे झाले!

धन गेले तर पुन्हा मिळविता येते. हातून एकदा उमटलेली रेघ मात्र पुन्हा तशीच उमटत नाही. एखादा खचून गेला असता. नावेलकरांनी मात्र पुन्हा कागद घेतला, पुन्हा शाई घेतली. पेटी हरवली होती, हात हरवला नव्हता. 1980 नंतरच्या दशकात ते आपल्या गावी परत आले आणि चित्रे काढीत राहिले. शाई, जलरंग, तैलरंग अशी नाना साधने त्यांनी हाताळली. तथापि त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची रेघ. मोजक्या रेघांत ते माणसाचे दुःख आणि माया उभी करीत. येशू ख्रिस्त आणि महात्मा गांधी हे दोघेही त्यांच्या चित्रांत दिसतात.

या चित्रांवर ‘गणेश’ अशी सही आढळते. पाहणाऱ्यास नवल वाटते. गणेश हे त्यांच्या दिवंगत भावाचे नाव. आपल्या चित्राचे श्रेय ज्या कोपऱ्यात मिळते, तो कोपरा त्यांनी भावाच्या स्मृतीस देऊन टाकला.

18 ऑक्टोबर 2021 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, नावेलकरांचे निधन झाले. एक सही त्यांनी केली नाही, म्हणून त्यांची शिष्यवृत्ती गेली. दुसरी सही त्यांनी प्रेमाने केली, ती स्वतःच्या नावाची नव्हती. मुलांनो, आज तुम्ही वहीच्या मागच्या पानावर सहीचा सराव करीत असाल. ती वळणदार असावी, हे खरेच. पण ती कोठे करावी आणि कोठे करू नये, हे कळणे त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.