दोन मिनिटांच्या खेळाचे प्रगतिपुस्तक



प्रगतिपुस्तक म्हटले की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. अहो, मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका! दर वर्षी चाळीस-पन्नास प्रगतिपुस्तके भरते आणि ती उघडतानाचे तुमचे चेहरेही बघते. पण आज घाबरू नका. आज आपण तुमचे नाही, तर एका खेळाचे प्रगतिपुस्तक भरणार आहोत. तोही साधासुधा खेळ नव्हे बरं का! तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ज्यावरून भांडणे होतात, तो व्हिडिओ गेम.

खेळाचे नाव 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २'. निन्टेन्डो कंपनीने २००१ साली 'गेम बॉय ॲडव्हान्स' नावाचे तळहातावर मावणारे यंत्र बाजारात आणले, त्यावरचा हा खेळ. आता हे यंत्र कोणी बनवत नाही. ते माझ्यापर्यंत आले माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलामुळे. त्याच्या मामाने स्वतःचे लहानपणीचे यंत्र जपून ठेवले होते, ते त्याने भाच्याला दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलाची आई ते रुमालात गुंडाळून शाळेत घेऊन आली.

"बाई, हा जेवायलासुद्धा उठत नाही. टाकून देऊ का हे? का काही चांगलं आहे यात? तुम्हीच तपासून सांगा."

आता तो मुलगा कसा, ते सांगते. हुशार, पण चुकायला फार भितो. शुद्धलेखनात एक वेलांटी चुकली, तर कागदाला भोक पडेपर्यंत खोडतो. उत्तर येत असले तरी हात वर करीत नाही. त्यामुळे त्याच्या आईचा प्रश्न मला सोपा वाटला नाही. मी यंत्र चार दिवसांसाठी ठेवून घेतले. डी.एड.ला असताना आम्ही एकमेकींचे पाठ बघून निरीक्षण-वही भरत असू. तशीच एक वही घेतली आणि बसले खेळायला.

आधी स्केटबोर्ड म्हणजे काय ते बघू. चार चाकांची लाकडी फळी. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या मुलांना लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर घसरावेसे वाटले, त्यातून हा खेळ वाढला. १९७० च्या दशकात तिथे दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि त्या गोल भिंतींवर मुले फळी चढवू लागली. पुढे रॉडनी मलन नावाच्या तरुणाने हाताचा आधार न घेता सपाट जमिनीवरून फळीसकट उडी मारण्याची युक्ती रुळवली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, पुढचा पाय फळीवरून पुढे सरकवायचा, की फळी पायाला चिकटल्यासारखी वर येते. वाचायला सोपे, पण करायला कित्येक आठवडे लागतात!

आणि टोनी हॉक? १९६८ साली जन्मलेला हा अमेरिकन खेळाडू चौदाव्या वर्षीच व्यावसायिक झाला. या खेळाला त्याचेच नाव दिले आहे.

चला, आता एकेक विषय तपासू.

पहिला विषय, चित्रकला. यंत्राचा पडदा केवढा? आडवे २४० ठिपके आणि उभे १६०. करा गुणाकार! ३८,४०० ठिपके झाले ना? एवढ्याशा जागेत मैदान, उतार, कठडे, सगळे बसवायचे. मूळ खेळ टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रासाठी होता. तिथे आपण खेळाडूच्या पाठीमागून बघतो. व्हिकेरियस व्हिजन्स या अमेरिकन कंपनीने तो छोट्या यंत्रावर आणताना नजरच बदलली. गच्चीच्या कोपऱ्यात उभे राहून खालचे अंगण बघावे, तसे तिरपे मैदान दिसते. मैदान सपाट चित्रासारखे, पण त्यावरचा खेळाडू मात्र बाहुलीसारखा सगळ्या बाजूंनी वळतो. २००१ साली एवढ्याशा यंत्रावर ही कमालच होती. चित्रकलेत 'अ' श्रेणी.

पण एक शेरा लिहावा लागेल. तिरप्या नजरेमुळे कठडा नेमका किती लांब आहे, ते लवकर कळत नाही. उडी बरोबर मारूनही खेळाडू बाजूला पडतो. मैदान पाठ झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिवाय त्या पहिल्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नाही. खिडकीशी बसावे लागते. दिवस मावळला की खेळ आपोआप संपतो! आजच्या झगझगीत पडद्यांपुढे हा दोषच, पण आई म्हणून विचाराल तर मला तो गुणच वाटला.

दुसरा विषय, गणित. इथे खरी गंमत आहे. एका दमात, मध्ये न थांबता, जितक्या कसरती कराल तितक्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेला कसरतींच्या संख्येने गुणतात. समजा तीन कसरती केल्या, शंभर, तीनशे आणि दोनशे गुणांच्या. बेरीज सहाशे. तीन कसरती, म्हणून सहाशे गुणिले तीन, अठराशे. पण शेवटी नीट उतरलात तरच हं! तिसऱ्या कसरतीनंतर पडलात, तर अठराशेही नाहीत आणि सहाशेही नाहीत. शून्य. तीच ती कसरत पुन्हा पुन्हा केली तर तिचे गुणही घटत जातात. म्हणजे नुसत्या घोकंपट्टीवर भागत नाही, नवे शिकावे लागते. आणि प्रत्येक क्षणी ठरवावे लागते, आणखी एक कसरत करू, का मिळाले तेवढे पदरात पाडून उतरू? असा हिशेब पोटात ठेवून खेळणे सोपे नाही. गणितात 'अ'.

तिसरा विषय, शारीरिक शिक्षण. इथे मात्र माझे पेन थांबले. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात 'एक्स गेम्स' नावाच्या स्पर्धेत टोनी हॉकने एक कसरत केली. उंच उतारावरून हवेत उडून अडीच फेऱ्या घ्यायच्या आणि पुन्हा फळीवर उतरायचे. एक फेरी ३६० अंशांची, म्हणून हिचे नाव 'नऊशे'. स्पर्धेत हे तोवर कोणीच केले नव्हते. त्या दिवशी हॉक पडला, उठला, परत वर चढला, परत पडला. ठरलेली वेळ संपली, तरी कोणी त्याला थांबवले नाही. दहाहून जास्त वेळा पडल्यावर तो एकदाचा उतरला. त्याआधीची कित्येक वर्षे तो या कसरतीच्या मागे होता.

खेळात काय होते? एका बोटाने बटण दाबून सोडले की उडी. पडलात तर दोन सेकंदांत खेळाडू आपोआप उभा! गुडघा फुटत नाही, हळद लावावी लागत नाही, दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाही. म्हणजे या खेळाने हॉकची झेप दाखवली, पण त्याचा घाम गाळूनच टाकला. २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आले, तेव्हा जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले. वय किती? अवघे तेरा! ती काही अंगठ्याने स्केटबोर्ड शिकली नव्हती. तेव्हा या विषयात आपला खेळ चक्क नापास.

चौथा विषय, वेळेची शिस्त. खेळाचा एक डाव असतो दोन मिनिटांचा. तेवढ्यात विखुरलेली अक्षरे गोळा करायची, ठरलेले गुण मिळवायचे. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते, नाही? पण इथेच मेख आहे. दोनच मिनिटे, म्हणून 'आणखी एकच डाव' म्हणायला काहीच वाटत नाही. तीस वेळा 'एकच डाव' म्हटले की तास गेला. आणि भाजी गार झाली! आई-बाबांनो, म्हणून 'अर्धा तास खेळ' असे सांगण्यापेक्षा 'दहा डाव खेळ' असे सांगून पाहा. दहा डाव म्हणजे वीस मिनिटे. डाव मोजता येतात, आणि हातातला डाव अर्धवट सोडावा लागत नसल्यामुळे रडारडही कमी होते. या विषयात 'क'. घरच्यांच्या मदतीने सुधारण्यासारखा.

पाचवा विषय कुठल्याच प्रगतिपुस्तकात छापलेला नसतो. त्याचे नाव मीच ठेवले, चुकण्याचे धैर्य. जो मुलगा वेलांटी चुकली म्हणून वही फाडतो, तोच मुलगा या खेळात एका दुपारी शंभर वेळा पडतो, आणि प्रत्येक वेळी हसत उठतो! हे कसे? मी विचार करीत राहिले. उत्तर असे, की इथे चूक स्वस्त आहे. कोणी लाल शाई घेऊन उभे नाही, कोणी "अरेरे" म्हणत नाही, आणि पुन्हा करून बघायला लगेच मिळते. आमच्या वह्यांमध्ये चूक फार महाग असते.

पाचव्या दिवशी मी त्याला वर्गात फळ्यापाशी बोलावले आणि म्हटले, "या खेळातले गुण कसे मोजतात, ते आम्हांला समजावून सांग." तो बोलू लागला. फळ्यावर शंभर, तीनशे, दोनशे लिहिले. मग शेवटच्या दोनशेलाच तीनने गुणले आणि उत्तर काढले एक हजार. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सगळ्यांनाच गुणायचं ना रे?" मी श्वास रोखून बघत होते. त्याने फळ्याकडे पाहिले, तळहाताने आकडे पुसले आणि म्हणाला, "पडलो. परत." आणि अठराशे लिहिले. माझ्याकडे त्याने बघितलेसुद्धा नाही.

आता तुम्हांला वाटेल, झाले, मुलगा सुधारला! नाही हो. दुसऱ्या दिवशीच्या शुद्धलेखनात पुन्हा कागदाला भोक. खेळातले धैर्य आपल्या पायांनी वहीत चालत येत नाही. त्याला हात धरून आणावे लागते. म्हणून मी वर्गात प्रत्येकाच्या वहीत डावीकडचे पान 'सरावाचे पान' केले. त्या पानावर माझे लाल पेन जात नाही, गुण मिळत नाहीत, खोडरबर चालत नाही. चुकले तर खाली परत लिहायचे, बस्स. त्या मुलाचे डावे पान आता भरू लागले आहे. उजव्या पानावर अजून खोडाखोड असते, पण भोक पडलेले मी गेल्या पंधरवड्यात बघितले नाही.

त्याच्या आईला मी यंत्र परत दिले आणि म्हटले, "टाकून देऊ नका, ताई. दहा डाव होऊ द्या. मग त्याला खाली मैदानात पाठवा, तिथे खरंखुरं पडू दे. आणि एखादा डाव तुम्ही खेळा, त्याला शिकवू दे तुम्हांला." त्या हसल्या. "मी? मला कुठलं जमतंय!" मी म्हटले, "तेच तर त्याला बघू दे."

तर दोस्तांनो, एकूण निकाल काय? खेळ पास, पण शारीरिक शिक्षणाची फेरपरीक्षा! ती त्याच्या वतीने तुम्हीच मैदानावर द्यायची. एक गंमत सांगू? याच व्हिकेरियस व्हिजन्सने २०२० साली या मालिकेचे पहिले दोन खेळ मोठ्या पडद्यासाठी नव्याने तयार केले. छोट्या पाटीवर गिरवलेले वाया जात नाही ते असे!

आता तुमची पाळी. तुमच्या आवडत्या खेळाचे प्रगतिपुस्तक भरा. मग तो पडद्यावरचा असो, सारीपाट असो, नाहीतर लगोरी. पाच प्रश्न विचारा. डोळ्यांना काय दिसते? डोक्याला काय काम मिळते? शरीर किती हलते? थांबावेसे वाटले, तर थांबता येते का? आणि चुकल्यावर पुन्हा करून बघावेसे वाटते का? खरे खरे भरा हं! आवडता खेळ म्हणून उगीच गुण वाढवू नका, आणि आई रागावते म्हणून कमीही करू नका. भरून झाले की घरच्या मोठ्या माणसांना दाखवा. त्यांनाही त्यांच्या लहानपणच्या एखाद्या खेळाचे प्रगतिपुस्तक भरायला लावा. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, कोण कुठल्या विषयात नापास होतो ते!